डाव्या स्क्रीनवरची बारीक वेल

त्या दिवशी शेडात आमच्या मागापाशी आम्ही पाच जणी व्हतो. मागावर उजव्या हाताला दौलताबादवाली, डाव्या हाताला मी, देवगाववाली. पाठीमागं सुताचे गोळे करत माझी सून. खुर्चीवर मालकीणबाई. अन् दुपारनंतर स्कुटीवर आलेली बाईंची भाची, जिनं कॉम्प्युटरमधला नक्षीच्या नकाशाचा प्रोग्राम बनवला ती. नावं सांगत नाय. आमच्यात बाईला गावावरून हाक मारायची रीत हाय, गाव सांगितलं की माणूस कळतं. पाचीच्या पाची जित्या हायेत. मी खोटं बोलले तर सांगायला चौघी हायेत.

मी बोलायली अन् सून लिहायली. मला वाचता येत नाय असं नाय. दुसरी शिकले. सावकाश वाचते, पण वाचते. तिनं तिच्या मनाचं काही घातलं तर मला कळंल, हे तिलाबी ठाऊक हाय.

हर्सूलच्या तळ्याच्या अलीकडं आमचं पत्र्याचं शेड. तिथं आम्ही सतरंज्या विणतो. माग असा रुंद की दोन खाटा शेजारी मावतील. एकीचा हात एवढा पुरत नाय, म्हणून दोघी बसायच्या. एक डाव्या काठापासून मधे येती, दुसरी उजव्या काठापासून. उभे धागे ताणलेले असतात, त्यात आडवं सूत बोटांनी भरायचं अन् लोखंडी पंजानं ठोकायचं. नकाशा चौकड्यांचा असतो. एक चौकडी म्हंजे दोन धागे. किती चौकड्यांवर पान, किती चौकड्यांवर फूल, हे मोजूनच विणावं लागतं. दोघीतली एक जरी चुकली तर सतरंजी वाकडं तोंड करती.

मी चौकड्या मोजत नाय. नजर एवढी बारीक पुरत नाय, अन् वीसच्या पुढं मोजता मोजता माझं मन दुसरीकडं जातं. मी दोरीनं विणते. सुताची दोरी, दर दहा चौकड्यांला एक गाठ. ती नकाशाच्या काठाला लावायची, बोटांनी गाठी चाचपायच्या, कोणत्या गाठीवर रंग बदलला ते बघायचं अन् दर गाठीला वीस धागे धरून तेवढं विणायचं. दौलताबादवालीबी माझं बघून दोरीवरच आली. आता शेडात समद्या दोरीवर हायेत.

ही दोरी माझ्या बापाची अक्कल. आम्ही मेंढरामागची माणसं. बापाला अक्षर येत नव्हतं, मोजणी थोडीच येत व्हती. त्यानं एका मेंढरामागं एक गाठ अशी दोरी केलती. सांजच्याला मेंढरं जाळीत शिरायची तशी त्याच्या बोटातून दोरी सरकायची. एकदा एका गावात दोरीची एक गाठ उरली. ज्याच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली व्हती तो म्हणाला, धनगरा, तुला मोजता येत नाय. बाप म्हणाला, मला नाय येत, दोरीला येतं. अन् त्याच्या दारात बसला. भांडला नाय, ओरडला नाय, नुसता बसला. तिसऱ्या दिवशी मेंढरू त्याच माणसाच्या गोठ्यात आपोआप सापडलं.

मी त्याची लेक. नवरा गेला तवा माझा लेक रांगत व्हता. खडी फोडली. भट्टीवर विटा वाहिल्या. डोक्याचे केस विटांनीच गेले. मंग माग भेटला अन् मागावर वीस वर्षं झाली. हे रडायला सांगत नाय. मागावरची जागा मला कुणी दिली नाय, मी कमावली, एवढं कळावं म्हणून सांगते.

आधी नकाशा कागदावर असायचा. समोर दोरीला टांगायचा. कागद फाटायचा, घामानं रंग पसरायचा, अन् गिऱ्हाइकानं जरा फूल बदला म्हणलं की आख्खा नकाशा परत काढावा लागायचा. बाईंच्या भाचीनं ते समदं कॉम्प्युटरात घातलं. पोरगी हुशार. सिडकोत घरी बसून असलेच प्रोग्राम बनवती. तिनं दाखवलं, फूल बोटासरशी हलतं, रंग बदलतो. मी म्हणले, लई चांगलं, पण माझी दोरी लागली पाहिजे. कागदावर दहा चौकड्यांला एक गाठ बसती, काचेवरबी तशीच बसली पाहिजे. नाहीतर तुझं तुझ्यापाशी ठेव.

ती हसली, पण तिनं केलं. कागद काचेला लावून बघितला. चौकडीवर चौकडी बसली. तवा मी राजी झाले.

एकच अडचण व्हती. स्क्रीन दौलताबादवालीच्या बाजूला. मला डाव्या कोपऱ्यातून मान वाकडी करून बघावं लागायचं. महिनाभरात मान धरली. मी बाईंला म्हणले, माझ्या बाजूला एक स्क्रीन लावा नाहीतर मागच फिरवा. बाईंनी नवा स्क्रीन आणला. पातळ, आरशावानी. कॉम्प्युटर एकच, त्याला दोन स्क्रीन. बाईंनी स्वतः त्याच प्रोग्रामची दुसरी चौकट उघडली अन् उजव्या स्क्रीनवरून ओढत डाव्या स्क्रीनवर आणून ठेवली. नकाशा तिकडंबी तोच, इकडंबी तोच. मी म्हणले, आता बरं झालं.

एका मोठ्या घरच्या बैठकीसाठी सतरंजी व्हती. दोन्ही काठांनी वेल चढायची, मधे साधा निळा रंग. नकाशा नवाच, आधी कधी विणलेला नव्हता. दोन दिवस आम्ही विणलं. मागावर बसलं की आपल्या हातापुरतंच दिसतं, शेजारणीचं दिसत नाय. दुसऱ्या दिवशी दुपारच्याला बाई स्टुलावर चढल्या अन् गिऱ्हाइकाला धाडायला फोटो काढला. फोटो बघितला अन् तिथंच उभ्या राहिल्या.

आम्हालाबी दाखवला. उजवीकडची वेल भरलेली, जाडजूड. डावीकडची, म्हंजे माझी, काठाला चिकटलेली अन् बारीक. एका आईच्या दोन लेकी, एक जेवलेली, एक उपाशी, तशा दिसत व्हत्या.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या हळू म्हणाल्या, "देवगाववाली, आता नजर गेली तुझी. तुझ्यासाठी नवा स्क्रीन आणला अन् तूच असं केलं. उद्यापासून गोळे कर. मागावर तुझी सून बसंल. आजच्याला हे डावीकडचं उसवून टाक."

गोळे करणं वाईट नाय. पण मागावरून उठवलेली म्हातारी परत मागावर बसलेली मी या शेडात कधी बघितली नाय. ती गोळ्याला जाती, मंग झाडायला जाती, मंग घरी जाती. अन् माझी जागा जात व्हती माझ्याच सुनेला, जिला पंजा धरायला मी शिकवलं. तिनं मान खाली घातली. माझ्यापाशी येऊन म्हणाली, आत्या, उठा, घरी बोलू.

मी उठले नाय. पंजा मांडीवर ठेवला अन् बाईंला सांगितलं, उसवणार नाय. माझ्या दोरीनं जे सांगितलं ते मी विणलं. आधी दोरी खोटी कशी ते दाखवा, मंग मी उसवते अन् गोळेबी करते.

बाई म्हणाल्या, दोन्हीकडं तोच नकाशा हाय, तोच प्रोग्राम हाय, कॉम्प्युटर कसा चुकंल?

"कॉम्प्युटर चुकला असं मी म्हणत नाय," मी म्हणले. "मी चुकले नाय असं म्हणते."

दौलताबादवाली खाली बघून सूत सारखं करत व्हती. मी तिला म्हणले, तू इकडं ये, माझ्या जागेवर बस. तुझी नजर चांगली, तुझी दोरी तुझी. चार ओळी विण.

तिला ते नको व्हतं. तिचीबी जागा हाय, तिच्याबी घरी चूल हाय. म्हणाली, "मौसी, मेरेकू कायकू बीच में लेते?"

"तुझी वेल जाड आली ना? मंग तुला कशाचं भ्या?"

ती आली. कुरकुरत आली, पण आली. स्वतःची दोरी डाव्या स्क्रीनला लावली. पहिली गाठ, दुसरी गाठ. बोट थांबलं. परत लावली. मंग उठून उजव्या स्क्रीनपाशी गेली, तिथं लावली. आमच्या समद्यांच्या नजरा तिच्या बोटावर. परत डावीकडं आली अन् बाईंकडं न बघता म्हणाली, "हौ बाई. उधर वेल तिसऱ्या गाठीपे है. इधर दुसऱ्याचपे आरी."

सुनेच्या हातातला गोळा थांबला व्हता.

बाईंनी स्वतः लावून बघितलं. मंग दोरी ताणती म्हणाल्या. ताणती तर दोन्हीकडं ताणंल, इकडंच कशी ताणती, मी विचारलं. त्यांनी भाचीला फोन केला.

पोरगी आली. मला वाटलं तीबी मलाच समजावंल. तिनं आधी दोरी मागितली. दोन्हीकडं लावली. मंग खुर्चीत बसून कॉम्प्युटरचं सेटिंग उघडलं. उजव्या स्क्रीनपुढं शंभर टक्के लिहिलेलं, डाव्यापुढं दीडशे. दोन्ही आकडे तिनं बोटानं दाखवले. मंग खुर्ची माझ्याकडं फिरवली.

"आजी, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

मंग तिनं सांगितलं, अन् मला कळंपर्यंत सांगितलं. स्क्रीन ठिपक्यांचा बनलेला असतो. जुन्या स्क्रीनचे ठिपके मोठे, नव्याचे बारीक. तेवढेच ठिपके नव्या स्क्रीनवर मांडले तर चित्र आकसतं. म्हणून कॉम्प्युटर दर स्क्रीनचं वेगळं माप ठेवतो, बारीक ठिपक्याच्या स्क्रीनवर समदं दीडपट करून दाखवतो. पण हिनं तिच्या प्रोग्राममधून कॉम्प्युटरला सांगून ठेवलतं की माझ्या चित्राला तू हात लावू नको, लहान-मोठं माझं मी बघते. अन् बघायचं राहून गेलं. प्रोग्राम उघडताना पहिल्या स्क्रीनचं माप विचारायचा अन् मंग कुठंबी नेला तरी तेच माप धरून बसायचा. तिच्या घरी एकच स्क्रीन. तिला कधी दिसलंच नाय.

मला हे लवकर कळलं, कारण मला ते ठाऊक व्हतं. मेंढरं घेऊन गावोगाव फिरताना वावरात मेंढरं बसवली की धान्य भेटायचं. धान्य मापायची पायली दर गावची वेगळी. माझी आई नव्या गावात शिरली की आधी पायली मागून तिचं बूड बघायची. मागच्या गावच्या पायलीवर या गावात बोलायचं नाय. मी पोरीला तेच सांगितलं. तुझा प्रोग्राम गाव बदलतो अन् पायली विचारत नाय.

ती म्हणाली, हो आजी, अगदी तेच. विचारायला लावते.

त्याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत बाईंनी मला बस म्हणलं नाय अन् ऊठबी म्हणलं नाय. मी रोज आले, डाव्या बाजूला बसले, हात मांडीवर ठेवून. उसवलं नाय, विणलं नाय. बाकीच्या मागांवरच्या बाया डोकावून जायच्या. एक म्हणाली, देवगाववाली मागाला पहारा देती काय. मी म्हणले, व्हय, चोर आतल्या आत हाय. घरी सून अन् मी बोलत नव्हतो. तिनं भाकरी वाढायची, मी खायची.

(इथं सून लिहायची थांबली. म्हणाली, आत्या, मला तुमची जागा नको व्हती, हे लिहू का? मी म्हणले, लिही. तवा बोलली असतीस तर बरं झालं असतं, तेबी लिही.)

चार दिवसांनी पोरगी आली. प्रोग्राम उघडला अन् चौकट उजवीकडून डावीकडं ओढली. हद्द ओलांडली तसा नकाशा जागच्या जागी फुगला. बाई म्हणाल्या, झालं एकदाचं. दौलताबादवालीनं हात जोडले. पोरगी माझ्याकडं बघून हसत व्हती.

मी दोरी लावली.

पहिली गाठ जवळजवळ बरोबर. दुसरी जरा सरकली. तिसऱ्या गाठीशी वेल एक चौकडीभर अलीकडं. मी म्हणले, अजून नाय.

पोरीनं वाकून बघितलं. म्हणाली, "आजी, एका चौकडीनं काय होतंय? कुणाला दिसणार पण नाही."

"सतरंजीला दिसंल."

बाईंनी सुस्कारा सोडला. सुनेनंबी सोडला, मी ऐकला. म्हातारी जिद्दीला पेटली असंच समद्यांला वाटलं असंल. वाटू दे. चार दिवस बसून मी अर्धं बरोबर घ्यायला बसले नव्हते. अन् उद्या परत वेल बारीक आली असती तर दोष प्रोग्रामला गेला नसता, माझ्या डोळ्यालाच आला असता.

मी पोरीला विचारलं, तू चौकडी कशी मांडती ते सांग. ती म्हणाली, जुन्या स्क्रीनवर एका चौकडीला नऊ ठिपके, नव्यावर दीडपट म्हणजे साडेतेरा लागतात. अर्धा ठिपका काढता येत नाही, म्हणून तेरा घेतले. सगळ्या चौकड्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून सगळ्यांना तेराच. एक झाली की तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी.

तवा मला उमजलं. नव्या बाया मागावर हीच चूक करतात. माझ्या सुनेनं केलती. मी पोरीला हाताला धरून मागापाशी आणलं. अर्धा धागा आम्हालाबी विणता येत नाय. नकाशा मोठा अन् धागे कमी असले की वाटणी सारखी जात नाय. नवी बाई काय करती? पहिल्या पानापासून दुसरं पान मोजती, दुसऱ्यापासून तिसरं. दरवेळी अर्धा धागा सुटतो अन् शेवटाला गेलं की पान भलतीकडं. जुनी बाई असं करत नाय. ती दरवेळी काठाला परत जाती. काठापासून पहिलं पान, काठापासून दुसरं, काठापासून तिसरं. एखादं पान एका धाग्यानं जाड येईल, एखादं बारीक. येऊ दे. जागा मात्र चुकत नाय.

"शेजारणीवरून मोजू नको," मी म्हणले. "काठावरून मोज."

"मग एक चौकडी तेराची येईल आणि शेजारची चौदाची," ती म्हणाली.

"येऊ दे की. सारख्या दिसून काय करायचं? जागेवर पाहिजेत."

तिनं तिथंच गोळ्याच्या टोपलीशेजारी बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी बदललं. जास्त वेळ लागला नाय, चहा उकळंपर्यंत झालं. परत चौकट ओढली. ती दोरी माझ्या हातात द्यायला लागली. मी म्हणले, सुनेला दे.

सुनेनं लावली. एक, दोन, तीन. वेल तिसऱ्या गाठीवर. मंग पुढच्या समद्या गाठी, शेवटापर्यंत. मंग उजव्या स्क्रीनवर तेच. तिनं मान हलवली अन् दोरी माझ्या पुढ्यात ठेवली.

त्यानंतर मी डावीकडचं उसवलं. काठापासून मधल्या निळ्या रंगापर्यंत, स्वतःच्या हातानं. दौलताबादवाली मदतीला आली, तिला नको म्हणले. चूक माझी नव्हती, पण वीण माझी व्हती. दोन दिवसाचं काम उसवायला एक दुपार लागली. सूत वाया गेलं नाय, सुनेनं त्याचे गोळे केले.

बाई मला चुकलं म्हणाल्या नाहीत. मी वाटबी बघितली नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर डाव्या बाजूचा माझा पाट पुसून ठेवलेला व्हता अन् मानेला टेकायला पाठीमागं एक उशी. मी उशी बाजूला ठेवली अन् पाटावर बसले. आजबी तिथंच बसते. सून आता दुसऱ्या मागावर बसती, तिची तिची जागा हाय, माझी तिला लागली नाय.

नंतर एकदा पोरगी आली तवा म्हणाली, आजी, आता कुठलाबी प्रोग्राम केला की मी आधी दोन वेगळ्या स्क्रीनवर ओढून बघते. मी म्हणले, बघत जा, तुझ्या घरी दुसरा स्क्रीन नसंल तर इथं येत जा.

आता हे वाचणाराला माझं एक मागणं हाय. तुम्ही असलं काही बनवत असाल, तर तुमच्या स्क्रीनवर चांगलं दिसलं म्हणून थांबू नका. दुसऱ्या स्क्रीनवर नेऊन बघा, जुन्या, नव्या, लहान, मोठ्या. अन् बनवत नसाल, अन् तुमच्यापुढं एखादी म्हातारी म्हणाली की हे मला नीट दिसत नाय, तर तिचा डोळा तपासायच्या आधी स्क्रीन तपासा.